बोलकी माया : प्रस्तावना

अमेरिकेत वाढलेली मराठी मुलं आईवडिलांविषयी मोकळेपणानं बोलू लागली, की एक गोष्ट हमखास ऐकू येते. घरात कशाची उणीव नव्हती. शिक्षणाला पैसा कमी पडला नाही, आजारपणात आई रात्रभर उशाशी बसली, बाबांनी हव्या त्या वर्गाला गाडीनं नेलं-आणलं. पण जवळ घेऊन 'तू आम्हाला फार आवडतोस' असं कुणी कधी म्हटलं नाही. हेच त्यांच्या आईवडिलांच्या कानावर घातलं तर ते गांगरून जातात. ज्या लेकरांसाठी देश सोडला, हौसमौज बाजूला ठेवली, त्यांनाच आपली माया कळली नाही, हे त्यांच्या मनाला पटतच नाही. दोघंही खरं बोलत असतात. दोघंही खरं बोलत असताना मधे दरी का पडते आणि ती कशी बुजवता येईल, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हे पुस्तक ढाणकीत बसून लिहिलं, त्यालाही कारण आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातलं हे गाव. दक्षिणेकडे गेलं की पैनगंगा लागते आणि नदी ओलांडली की मराठवाडा. कापूस, सोयाबीन, हळद, ऊस यांवर इथली घरं चालतात. मुलं शिकायला आधी उमरखेड-पुसदला, मग नांदेड, नागपूर, पुणे, हैदराबादला जातात आणि त्यांतली काही तिथून अमेरिकेला. परदेशातल्या मराठी घरांविषयी लिहिणारे बहुतेक जण तिकडच्या दारातून आत पाहतात. मला इकडच्या दारातून पाहायचं होतं. तिकडे गेलेल्या बापाची माया करण्याची रीत अशाच एखाद्या अंगणात घडलेली असते. ते अंगण पाहिल्याशिवाय त्याचं गप्प राहणं उलगडत नाही.

या अंगणात माया भरपूर आहे. ती कामातून, खाण्यातून आणि हुकमातून चालते. 'जेवला काय?', 'पोहोचल्यावर फोन करजो', 'उन्हात फिरू नको' ही तिची वाक्यं. सुट्टी संपवून लेक निघाली की पिशवीत जवसाची चटणी, कुरडया, सांडगे, घरची हळद भरली जाते आणि पिशवी जड झाली म्हणून तिनं कुरकुर केली की आई आणखी एक पुडी आत सरकवते. बाप एसटी स्टँडवर येतो, बॅग वर चढवतो, खिडकीशी उभा राहतो आणि गाडी हलेपर्यंत पावसाविषयी बोलतो. त्याच्या डोळ्यांकडे पाहणाऱ्याला सगळं कळतं. मात्र पाहणारा हवा.

याच भागात उघड बोलली जाणारी माया शोधायची असेल तर पोळ्याला यावं. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप आणि हळद लावून खांद शेकतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं त्याला तोंडानं सांगतात. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं त्याचे उपकार मानायला हाताचा स्पर्शही लागतो आणि शब्दही लागतात, हे इथल्या शेतकऱ्याला पुरेपूर ठाऊक आहे. तोच शेतकरी बारावीत चांगले गुण मिळवलेल्या मुलाला 'बरं झालं, आता पुढं काय?' एवढंच विचारतो. त्याच्यापाशी शब्दांची वाण नाही. मुलासाठी ते वापरायची मुभा त्यानं स्वतःला दिलेली नाही.

ही मुभा का नव्हती, हे समजून घेणं या पुस्तकाच्या पहिल्या भागाचं काम आहे. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी जवळिकीनं बोलणं मर्यादेबाहेरचं मानलं जाई. स्वतःच्या वडिलांसमोर तरणा बाप आपल्या लेकराला उचलूनही घेत नसे. घरात चार भावांची पोरं एका पंगतीत बसत. त्यांत आपल्या पोराचं कौतुक करणं म्हणजे बाकीच्यांना कमी लेखणं होतं. महादेव गोविंद रानडे यांनी १८७३ साली लग्न करून आलेल्या रमाबाईंना रात्री स्वतः शिकवलं आणि घरातल्या बायकांचा विरोध रमाबाईंनी दिवसभर सोसला. १९१० साली आलेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या त्यांच्या पुस्तकात त्या काळातल्या सुशिक्षित घरातली ही कोंडी स्पष्ट दिसते. नवऱ्याची बायकोविषयीची आस्था रात्रीच्या दिव्याखाली होती. दिवसाच्या माजघरात तिला जागा नव्हती.

दुसरं कारण दृष्टीचं. बाळ गोजिरं दिसू लागलं की गालाला तीट लावायची, कुणी कौतुक केलं की मीठ-मोहऱ्या उतरवून टाकायच्या. पाळण्यातलं मूल हाती लागेल की नाही याची शाश्वती नसलेल्या काळात ही भीती फार खरी होती. मार्गारेट ट्रॉविक या अभ्यासक बाईंनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या 'नोट्स ऑन लव्ह इन अ तमिळ फॅमिली' या पुस्तकात तमिळ घरांतही हेच नोंदवलं आहे: आईनं आपल्या लेकराकडे मायेनं टक लावून पाहू नये, कारण तिचीच नजर लागते. जे सगळ्यांत जिवाचं ते सगळ्यांत झाकून ठेवायचं, ही शिस्त महाराष्ट्रापुरती नाही. भीतीतून आलेली ही सवय पुढे भीती ओसरल्यावरही घरांत टिकून राहिली.

तिसरं कारण बापापुरतं आहे. कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात बापाच्या डोक्यावर काय काय असतं ते तो घरात सांगत नाही. कर्ज किती, कापसाला काय भाव मिळाला, पेरणी दुबार करावी लागली तर पैसा कुठून आणायचा, हे लेकरांपासून लपवणं म्हणजेच त्यांना जपणं, असं त्याला वाटतं. ज्याला दुःख बोलायची मुभा नाही त्याला मायाही बोलता येत नाही, कारण दोन्ही एकाच दारातून बाहेर येतात. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या यवतमाळ जिल्ह्यात ही गोष्ट हलक्यानं घेता येणार नाही. कर्ज आणि पाऊस शब्दांनी मिटत नाहीत. पण घरात कुणाशी बोलता येतं की नाही, यानं माणसाच्या अंगावरचं ओझं नक्की कमी-जास्त होतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही न बोललेली माया इथं लेकरांपर्यंत पोहोचत होती, कारण ती पोहोचवणारी माणसं घरात होती. बाप रागावून बाहेर गेला की आजी नातवाला मांडीवर घेऊन सांगे, 'अरे, तू काल उशिरा आला तर तो दोनदा वेशीपर्यंत जाऊन आला.' आत्या सांगे, काकू सांगे, शेजारचे दादाजी पारावर सांगत, 'तुह्या बापानं तुही मार्कशीट मले दाखवली.' समोर न झालेलं कौतुक अशा वळशानं कानावर येई. मुलाला बापाची माया बापाच्या तोंडून कधीच कळली नाही, तरी दहा तोंडांतून कळली. शिवाय शेतावर, गोठ्यात, चुलीपाशी बापलेक आणि मायलेकी बरोबर राबत, आणि बरोबर राबताना माणूस माणसाला ओळखतो. आपली अबोल माया या दोन आधारांवर उभी होती: सांगणारी माणसं आणि सोबतचं काम.

परदेशात गेलेल्या घराचे हे दोन्ही आधार एकदम निघून जातात. न्यू जर्सीतल्या किंवा टेक्ससमधल्या घरात चार माणसं राहतात. आजी नाही, आत्या नाही, पार नाही. बापाचं काम मुलाला दिसत नाही. सकाळी तो गाडीतून जातो आणि रात्री थकून येतो. बाप मात्र त्याच रीतीनं वागत राहतो, जी त्याच्या वडिलांच्या घरी पुरेशी होती. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर उरतात ते नुसते हुकूम: अभ्यास कर, जेव, झोप, नव्वद का मिळाले. शाळेच्या फाटकाशी मित्राची आई मित्राला मिठी मारताना तो रोज पाहतो आणि मनात हिशेब मांडतो. त्यातून त्याचं मराठी कामापुरतं असेल तर आईच्या 'खा रे बाबा' मधली काकुळतही त्याच्या कानाला लागत नाही. माया तेवढीच असते, तिचा अर्थ लावून देणारं घर मात्र मागं राहिलेलं असतं.

ही उकल केवळ मराठी घरांना लागू आहे असं नाही. अमेरिकेतल्या चिनी, कोरियन, व्हिएतनामी, तमिळ, बंगाली घरांतली मुलं हेच सांगतात. फळं चिरून अभ्यासाच्या टेबलावर मुकाट्यानं ठेवणारी आई त्या सगळ्यांना ओळखीची आहे. रूथ चाओ या संशोधक बाईंनी १९९४ साली 'चाइल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात दाखवून दिलं, की गोऱ्या अमेरिकी कुटुंबांवरून बेतलेली हुकूमशाही पालकत्वाची मोजपट्टी चिनी आयांना लावली तर चुकीचं चित्र उभं राहतं. त्या घरांत कडकपणा आणि आस्था एकत्र नांदतात. मुलाला घडवणं हाच तिथं जिव्हाळ्याचा मार्ग असतो. हे वाचताना आपल्याकडची कितीतरी घरं डोळ्यांपुढे येतात.

मराठी माणसाचा अमेरिकेशी संबंध तसा जुना, आणि त्याच्या आरंभीच हा प्रश्न उभा आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकायला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. जन्मलेलं बाळ दहा दिवसांत गेल्याचं दुःख त्या पोटात घेऊन चालल्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं पत्र वाचलं होतं. त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला आणि पुढे त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी लेकीसारखं ठेवून घेतलं. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानलं. त्या घरात जवळ घेणं होतं, कौतुक होतं, निरोपाचे अश्रू उघडपणे ढाळणं होतं. दुसरीकडे गोपाळरावांची पत्रं येत, संशयाची आणि टोचणारी. बायकोला शिकवण्याचा ध्यास घेतलेला हा माणूस तिला मारतही असे. लहानपणी सोसलेल्या त्या माराची आठवण आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांना पत्रात लिहून कळवली. समोरासमोर जे बोलता आलं नसतं ते समुद्राच्या अंतरानं बोलता आलं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथल्या त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

ही कहाणी या पुस्तकात सविस्तर घेतली आहे, कारण ती दोन गोष्टी एकदम शिकवते. उघड जिव्हाळा दुसऱ्या संस्कृतीतल्या बाईकडून मिळाला तरी मराठी मनाला तो परका वाटला नाही. आणि 'मारतो तो मायेनंच' हे आपलं जुनं समाधान प्रत्येक वेळी खरं नसतं. अबोल मायेची बाजू मांडताना कठोरपणाला माया म्हणून पांघरूण घालायचं नाही, हे मी या पुस्तकापुरतं नियमासारखं पाळलं आहे. ज्या घरात मूल भीतीनं वाढलं तिथं त्यानं आईबापांना समजून घ्यावं, असा उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मोठ्या संख्येनं मराठी माणसं अमेरिकेला गेली ती तिथल्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर. मूळ देशावर बेतलेला जुना कोटा संपला आणि इंजिनियर, डॉक्टर, संशोधक यांना वाट मोकळी झाली. १९९० च्या कायद्यानं एच-१बी व्हिसा आणला आणि पुढच्या पिढीत संगणकवाले गेले. १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. गणपती, दिवाळी अंक, नाटकं, मराठी शाळा असं बरंच काही त्या मंडळींनी जिद्दीनं उभं केलं. सणांना आणि भाषेला तिथं घर मिळालं. आजीच्या मांडीला पर्याय मात्र कोणतीही संस्था देऊ शकत नाही, आणि ती अपेक्षाही योग्य नव्हे.

पहिल्या पिढीचा इकडचा धागा एरोग्रामवर होता. घडी घालून चिकटवायच्या त्या निळ्या कागदावर जागा मोजकी. मायन्यात आशीर्वाद, मग पाऊसपाणी, पिकं, कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं आणि शेवटी 'प्रकृतीस जपणे'. आज ती पत्रं वाचताना जाणवतं, की पत्राच्या रिवाजानं बापाला दोन ओळींची सोय करून दिली होती. आशीर्वाद लिहिताना त्याला लाजावं लागत नव्हतं. फोन स्वस्त झाला आणि त्या दोन ओळीही गेल्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा आपलं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतं. त्यामुळे एकाची सकाळ आणि दुसऱ्याचा रात्रीचा थकवा यांची गाठ पडते, आणि बोलणं 'बाकी काय, ठीक' वर येऊन थांबतं. नातवंडाच्या जन्माला आईवडील तिकडे जातात, व्हिसाच्या नियमानं साधारण सहा महिने राहतात. तेवढ्या काळात नातवंडाला सांगणारी आजी मिळते आणि पुन्हा हरवते.

या अंतराची खरी किंमत २०२० साली कळली. कोरोनामुळे मार्चच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. पुढच्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली तेव्हा कित्येक लेकांनी आणि लेकींनी आईबापांचं अखेरचं दर्शन फोनच्या पडद्यावर घेतलं. त्यानंतर ज्यांच्याशी बोललो त्यांच्या मनात येता न आल्याचं शल्य होतंच. त्याहून खोल शल्य 'एकदा सांगायला हवं होतं' हे होतं. या पुस्तकाची निकड मला तेव्हा पटली.

आणि अंतर काही अमेरिकेचंच असतं असं नाही. उमरखेड, पुसद, दिग्रस भागातल्या तांड्यांवरून दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं निघतात आणि उन्हाळ्यात परततात. काही लेकरं पाचटाच्या खोपीत सोबत राहतात, काही आजी-आजोबांजवळ मागे राहतात. त्या आईच्या फोनवरही 'जेवला का' हाच प्रश्न असतो आणि त्या लेकरालाही त्याहून अधिक काही ऐकायचं असतं. कॅलिफोर्नियातला संगणक अभियंता आणि कारखान्याच्या फडातली आई यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दूर राहून माया पोहोचवण्याचं दोघांपुढचं काम मात्र एकच आहे. म्हणून या पुस्तकात दोघांचीही प्रकरणं शेजारी ठेवली आहेत.

'हे सगळं बोलून दाखवायचं खूळ तिकडचं, आपल्यात असं नसतं,' असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. त्याचा मी आदर करतो, कारण शब्द स्वस्त होतात ही त्यामागची काळजी खरी आहे. पण 'आपल्यात नसतं' हे मान्य करता येत नाही. जात्यावर बसलेल्या बाईनं लेकाला, भावाला, आईला उद्देशून जे म्हटलं त्याइतकं उघड प्रेम कुठल्या भाषेत असेल? गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. भल्या पहाटे, पुरुष झोपेत असताना, मराठी बाई मन भरून बोलत होती. फक्त ज्याच्यासाठी बोलायची तो समोर नसे. भुलाबाईची गाणी म्हणताना विदर्भातल्या मुली माहेरची ओढ मोकळेपणानं गात आल्या. पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणूसही माउली होतो, पायांवर डोकं ठेवतो, उराउरी भेटतो. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याशी झालेली भांडणं, ताटातूट आणि जिव्हाळा इतक्या उघडपणे मांडला, की आजही तो वाचताना मन भरून येतं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली आणि आईच्या मायेविषयी बोलायला साऱ्या महाराष्ट्राला शिकवलं. बापाच्या मायेविषयी आपण अजून तेवढं मोकळेपणानं बोलत नाही.

म्हणजे उघड मायेचे झरे आपल्याच भूमीत आहेत. आपण त्यांना वेळ, जागा आणि आडपडदा ठरवून दिला होता: जातं, वारी, सण, पत्राचा मायना. ती ठिकाणं हातची गेली असताना माया तशीच मुकी ठेवणं म्हणजे परंपरा पाळणं होत नाही; त्यानं परंपरेचा अर्धा भाग टाकून दिल्यासारखं होतं. जवळ राहणाऱ्यांना हातांनी माया करता येते. दूर राहणाऱ्यांना तोंडानंच करावी लागते.

पुस्तकाचे तीन भाग केले आहेत. पहिल्यात इकडच्या घरांतल्या रीती आणि त्यांची कारणं आहेत. दुसऱ्यात आनंदीबाईंपासून आजपर्यंतच्या परदेशस्थ मराठी कुटुंबांचा मागोवा आहे. ज्यांनी विश्वासानं आपल्या घरच्या गोष्टी सांगितल्या त्यांची नावं आणि ओळखीच्या खुणा मुद्दाम गाळल्या आहेत. तिसरा भाग कामाचा आहे. आईबापांनी सुरुवात कशी करावी, हे तिथं लिहिलं आहे. एकदम मोठं काही बोलायची गरज नाही. मुलानं केलेल्या एखाद्या गोष्टीचं नाव घेऊन कौतुक करावं, नुसतं 'छान' म्हणू नये. चुकलं तर लेकराजवळ तसं कबूल करावं. आपल्या बालपणाविषयी सांगावं, कारण बापाचा बाप कसा होता हे कळलं की मुलाला बाप कळू लागतो. आणि आजी-आजोबांशी होणाऱ्या फोनवर नातवंडांना नुसतं 'नमस्कार कर' म्हणण्याऐवजी आजीकडून बापाच्या लहानपणीची एक गोष्ट मागून घ्यावी. असं केलं तर अंतर असूनही आजीला तिचं जुनं काम परत मिळेल.

मुलांसाठीही तिथं लिहिलं आहे. आईबाप बोलत नाहीत तोवर त्यांच्या हातांकडे पाहायला शिकावं आणि आपण आधी बोलावं. पहिल्यांदा ते अवघडतील, विषय बदलतील, जेवणाचं विचारतील. तरीही बोलावं. थोडं वय झालेल्या, उभ्या आयुष्यात कुणाकडून 'तुम्ही माझ्यासाठी खूप केलं' हे न ऐकलेल्या माणसाला ते ऐकायची सवय लागायला वेळ लागणारच.

या पुस्तकातलं सगळं वाचकाला पटावं असा आग्रह नाही. पण ज्याचे आईवडील हयात आहेत, किंवा ज्याची लेकरं दूर आहेत, त्यानं पुढचं पान उलटण्याआधी त्यांना एक फोन करावा आणि पावसापाण्याच्या पुढचं एक वाक्य बोलावं, एवढी विनंती मी करतो. पुस्तक नंतर वाचलं तरी चालेल.

ढाणकी, ता. उमरखेड, जि. यवतमाळ